फाटक बाजाराचं जुळं

"उद्या गुरुवारी सकाळी शैलजाताईंच्या खानावळीत फारशी गर्दी नसेल," असं वैजयंती डुबलनं बातमीपत्रात सांगितलं आणि गुरुवारी खानावळीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आज निवांत बसून खाता येईल, या हिशेबानं अख्खा चिंचमळा तिथं लोटला होता. वसतिगृहातली पोरं-पोरी, प्राध्यापक मंडळी, कालव्यापलीकडचे पेन्शनर, सगळे. पिठलं संपलं, भाकरी संपल्या, शेवटी ठेचाही संपला. तेव्हा शैलजा हात पुसत बाहेर आली आणि गर्दीत उभ्या असलेल्या वैजयंतीपुढं तिनं सरळ हात जोडले.

"वैजू, पाया पडते तुझ्या. माझ्याकडं कुणी येणार नाही असं परत सांगू नकोस बाई. पीठ पुरत नाही मला."

सगळे खो खो हसले. वैजयंतीही हसली. शैलजा तिची थोरली नणंद. शेजारीच राहायची. वैजयंतीचा नवरा धनंजय कोयनेला धरणावर नोकरीला, शनिवार-रविवारपुरता घरी यायचा. त्यामुळं बाकीचे दिवस या दोघीच एकमेकींचं घर होत्या.

चिंचमळा म्हणजे कृष्णाकाठच्या विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून वाढलेली वस्ती. फाटकातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना दुकानं: खानावळ, झेरॉक्स, सायकल दुरुस्ती, फुलवाली, जुन्या पुस्तकांचा गाळा. हाच फाटक बाजार. वैजयंती पूर्वी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होती. ते कार्यालय बंद पडलं, तेव्हा तिनं घरच्या घरी 'चिंचमळा वार्ता' सुरू केली. रोज सकाळी काही मिनिटं, तिच्याच आवाजात, सगळ्यांच्या फोनवर. पाणी किती वाजता येणार, कुठला रस्ता खोदलाय, विद्यापीठात कुणाचं व्याख्यान आहे, कुणाचं मांजर हरवलंय. लोक चहाबरोबर ऐकायचे. आणि यंदाच्या दिवाळीपासून त्यात एक नवं सदर आलं होतं: 'उद्याचा चिंचमळा'.

हे सदर शक्य झालं ते जुळ्यामुळं.

कागदोपत्री त्याचं नाव 'नागरी प्रतिरूप प्रकल्प' असं भारदस्त होतं, पण लोकांनी त्याला जुळं म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. विद्यापीठाच्या संगणकात एक दुसरा चिंचमळा बसवला होता. तितकीच घरं, तितक्याच गल्ल्या, तितकीच माणसं. विजेचे आणि पाण्याचे मीटर, बसची कार्डं, रस्त्यावरच्या वर्दळीची मोजणी, अशी नावं पुसून टाकलेली माहिती त्याला मिळायची. त्यावरून तिथली खोटी माणसं खऱ्या माणसांसारखी वागायला शिकली होती. मग संगणक त्या वस्तीचा उद्याचा दिवस, हवं तर पुढची काही वर्षंही, हजारो वेळा जगून बघायचा. हजारातल्या बहुतेक वेळा जे घडलं, तो अंदाज. वेधशाळा पावसाचा सांगते तसाच, फक्त माणसांचा. शहराच्या नगररचना कार्यालयाला हे फार सोयीचं पडलं होतं. नवी बस कुठून न्यायची, दिवे कुठं लावायचे, सगळं आधी जुळ्यात करून बघायचं. आणि ज्यांच्या माहितीवर हे चालतं त्या रहिवाशांना अंदाज मागवून घ्यायचा हक्क होता. तो हक्क वापरायचं पहिल्यांदा सुचलं ते वैजयंतीला.

खानावळीतल्या गोंधळानंतर जुळ्याचा कर्ताधर्ता तिच्या दारात येऊन उभा राहिला. डॉ. नियाज शिकलगार. तरुण, काटकुळा, बोलताना हात फार हलवणारा.

"ताई, तुम्ही माझं वाटोळं करताय."

"आत तर या आधी. चहा घ्या, मग सांगा."

चहा घेता घेता नियाजनं गाऱ्हाणं मांडलं. वेधशाळेनं पाऊस पडणार म्हटलं, तरी पाऊस आपला त्याच्या मर्जीनंच पडतो. "पावसाला बातम्या ऐकू येत नाहीत, ताई. माणसांना येतात. मी म्हणतो गर्दी नसेल. ते तुम्ही सांगता. लोक ऐकतात आणि नेमके तिथंच जातात. माझा अंदाज चुकीचा नव्हता, तुम्ही सांगितल्यामुळं चुकला!"

"मग सांगू नको म्हणता?"

"माझे आठवडेच्या आठवडे बिघडलेत."

"नियाज, माहिती लोकांची, आयुष्य लोकांचं, आणि अंदाज मात्र कार्यालयातल्या चार जणांनी बघायचा? मला नाही पटत."

नियाजनं कप खाली ठेवला. मग हसला. "पटत मलाही नाही. पण मी कुणाकडं तरी तक्रार करायला हवी होती ना!" जाताना त्यानं दुसरा कप मागून घेतला, आणि तेव्हापासून तो अधूनमधून नुसता चहालाही यायला लागला.

उन्हाळ्याच्या तोंडावर नगररचना कार्यालयानं नव्या बाह्यवळण रस्त्याचा आराखडा जाहीर केला. दोन वाटा होत्या. एक कालव्याच्या कडेनं, लांबची. दुसरी जवळची, थेट फाटक बाजारातून. कार्यालयानं जवळची निवडली आणि कारणही दिलं: जुळ्याच्या अंदाजानुसार येत्या काही वर्षांत फाटक बाजार ओस पडणार आहे. विद्यार्थी सगळं खोलीवर मागवतील, दुकानं एकेक करून मिटतील. ओस पडणाऱ्या बाजारासाठी लांबचा रस्ता कशाला?

वैजयंतीनं तो अंदाज मागवून घेतला, नीट वाचला, नियाजला फोन करून खात्री केली. अंदाज तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो जसाच्या तसा सांगितला. सांगावंसं वाटत नव्हतं, पण बातमी ती बातमी. सुनावणी पावसाळ्यानंतर होती. लोकांना आत्ताच कळलं तर ते तयारीला लागतील, असं तिला वाटलं.

लोक तयारीला लागलेही, पण भलत्याच. झेरॉक्सवाले नेमगोंडा मगदूम, ज्यांना सगळे मगदूमकाका म्हणायचे, त्यांनी हायवेजवळच्या नव्या संकुलात गाळा बघितला आणि मशीन टेम्पोत घातलं. सायकलवाल्यानं नवा माल भरणं थांबवलं. फुलवाली दिवसाआड यायला लागली. चार शटरं खाली दिसली की गिऱ्हाईक पाचव्याकडंही जात नाही. पोरं खरंच खोलीवर मागवायला लागली. संध्याकाळी बाजारातले दिवे कमी कमी होत गेले. जे काही वर्षांनी होणार होतं, ते काही आठवड्यांतच होताना दिसू लागलं.

आणि एका संध्याकाळी वैजयंती खानावळीत गेली, तर दाराला कुलूप.

शैलजा घरी, ओट्यापाशी लसूण सोलत बसली होती.

"वन्सं, आज बंद का?"

"आजच नाही. आता फक्त सकाळची ठेवणार. संध्याकाळी कुणासाठी थापू भाकरी? भिंतींसाठी?"

वैजयंतीनंही समोर बसून एक गड्डी सोलायला घेतली.

"एक काम कर," शैलजा म्हणाली. "उद्या सकाळी सांग, अंदाज बदलला. बाजार टिकणार. दोन वाक्यं. तुझं सगळे ऐकतात."

"अंदाज बदललेला नाही वन्सं. खोटं कसं सांगू?"

शैलजानं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मग आधीचं तरी कुठं खरं होतं? तू सांगितलंस, म्हणून खरं झालं."

ती ओरडली असती तर वैजयंतीला बरं वाटलं असतं. ती फक्त उठून आत गेली आणि त्या दिवसापासून दोन घरांमधली वाटीची, भाजीची, हाकांची ये-जा थांबली. शनिवारी धनंजय आला, त्यानं दोन्हीकडं जेवायचा प्रयत्न केला आणि दोन्हीकडं त्याला बोलणी बसली. पण वैजयंतीच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. तू सांगितलंस, म्हणून खरं झालं. खानावळीतल्या गर्दीच्या वेळी सांगितल्यामुळं अंदाज खोटा पडला होता. आता सांगितल्यामुळं खरा होत होता. मग सांगणं हीच काहीतरी गोष्ट होती. सोमवारी ती उठली ती थेट नियाजच्या प्रयोगशाळेत गेली.

"मला एक सांगा," ती दारातूनच म्हणाली. "तुमच्या जुळ्यातली माणसं माझं बातमीपत्र ऐकतात का?"

"नाही. तिथं बातमीपत्रच नाही."

"म्हणजे मी नाही?"

"घर आहे तुमचं. दिवे लागतात, पाणी भरलं जातं. पण त्या घरातून कुणी बोलत नाही."

"मग तो चिंचमळा कसला!" वैजयंती भडकलीच. "जिथं कुणी कुणाला काही सांगतच नाही, तिथला बाजार बसणारच की."

नियाजचे हात हवेत तसेच थांबले. मग त्यानं खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि फळ्यापाशी गेला. जुळ्याला बातमीपत्र ऐकवायचं, तर बातमी ऐकून माणसं कशी वागतात हे त्याला शिकवावं लागणार होतं. आणि ते शिकवायला लागणारी माहिती त्याच्याकडं ढीगभर होती: वैजयंतीनं 'बिघडवलेले' सगळे आठवडे. प्रत्येक वेळी तिनं काय सांगितलं, लोकांनी काय केलं. फेकून द्यायचा म्हणून बाजूला टाकलेला माल एकदम कामाचा ठरला.

"आता असं करू," तो म्हणाला. "जुळ्यात एक अंदाज जाहीर करायचा. तिथल्या लोकांना तो ऐकू द्यायचा. ते काय करतात बघायचं. त्यावरून नवा अंदाज निघेल. तो परत जाहीर करायचा. जोवर सांगितलेलं आणि घडलेलं एकच होत नाही, तोवर थांबायचं नाही. जो अंदाज सांगूनही तसाच राहतो, तो खरा."

"आणि तो काय निघेल?"

"माहीत नाही. म्हणून तर मजा."

पुढचे काही दिवस वैजयंती बातमीपत्र आटोपून तिथं जात होती. जुळ्यातल्या चिंचमळ्यात तिच्याच घरातून आता कुणीतरी रोज सकाळी बोलायला लागलं होतं, याची तिला फार गंमत वाटे. आणि एके दिवशी नियाजनं फोन न करता, प्रयोगशाळेतून थेट पळत येऊन तिचं दार वाजवलं.

"दोन आहेत ताई! एक नाही, दोन!"

तिच्या स्वयंपाकघरातल्या परातीत कणकेचा गोळा होता, तोच दाबून त्यानं तिला दाखवलं. दोन खळगे, मध्ये एक उंचवटा. वर वाटाणा ठेवला तर तो कुठल्या तरी एका खळग्यात जाणार आणि तिथंच राहणार. एका खळग्यात बाजार ओस पडतो. तसं सांगितलं की लोक येत नाहीत, आणि ते खरंच ठरतं. दुसऱ्या खळग्यात बाजार चालतो. तसं सांगितलं की लोक येतात, तेही खरंच ठरतं. पहिला अंदाज चुकला नव्हता. त्याला फक्त एकच खळगा दिसला होता.

"आणि हा मधला उंचवटा?"

"घरटी एक माणूस, आठवड्यातून दोन संध्याकाळी. इतके लोक बाजारात आले आणि शटरं उघडी असली, की वाटाणा पलीकडं."

वैजयंती वाटाण्याकडं बघत राहिली. "म्हणजे मी नुसतं चांगलंच सांगितलं, तर ते खोटं ठरणार नाही?"

"नाही. शास्त्राच्या दृष्टीनं खरंच ते." नियाजनं वाटाणा उचलून उंचवट्यावर ठेवला. "आणि तुम्ही दोन्ही सांगितलंत, तर काय होईल ते जुळ्यालाही सांगता येत नाही. निम्म्या वेळा इकडं, निम्म्या वेळा तिकडं."

दोन वाक्यं. शैलजानं तेवढंच मागितलं होतं, आणि आता ती वाक्यं खोटीही नव्हती. वैजयंतीनं ती दुपारभर मनात घोळवली. पण एकदा अर्धं सांगून काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तिला ते अर्धं आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत होतं. लोकांना कडेला बसवून त्यांच्या वतीनं तिनं वाटाणा ढकलायचा, हे तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही सांगितलं. परात, कणीक, वाटाणा, सगळं. उंचवटा केवढा तेही. "कुठल्या बाजूला जायचं ते जुळ्याला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मलाही नाही. आपल्यालाच ठरवायचं आहे."

मग ती शेजारच्या घरी गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

शैलजानं बातमीपत्र ऐकलं होतं. "म्हणजे आता मी आधी दार उघडायचं," ती म्हणाली. "आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर आपण दोघी पिठलं खाऊ."

"आणि सकाळी फोनवर काय सांगशील?"

"जे झालं ते."

"कुणी आलं नाही, हे सांगशील?"

"सांगेन वन्सं."

शैलजानं तिच्याकडं नीट बघितलं. "धनूनं बायको बघून आणली ती अशी," ती पुटपुटली, आणि खुंटीवरची किल्ली काढली. "चल. पीठ मळायला तरी ये."

त्या संध्याकाळी थोडेच लोक आले. नियाज दोन मित्रांना घेऊन आला आणि तिघांनी सहा जणांचं खाल्लं. सकाळी वैजयंतीनं सांगितलं, "काल गर्दी नव्हती. पण दिवे होते." दुसऱ्या संध्याकाळी मगदूमकाका हायवेवरून परत आले, आपल्या जुन्या गाळ्याचं शटर अर्धंच वर करून आत खुर्ची टाकून बसले. मशीन अजून तिकडंच होतं. कुणीतरी विचारलं, काका, नुसतं शटर उघडून काय करणार? "मोजणीत तर येतंय ना," काका म्हणाले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वसतिगृहातल्या पोरींनी आपापसात वाटून घेतलं, कुठल्या मजल्यानं कुठल्या वारी जायचं ते. संगीत विभागाच्या बाईंनी संध्याकाळचा रियाज पुस्तकांच्या गाळ्यापुढं हलवला. ऐकायला म्हणून लोक थांबले आणि थांबले म्हणून त्यांना भूक लागली. सायकलवाल्यानं नव्या ट्यूब मागवल्या. फुलवाली रोज यायला लागली. वैजयंती रोज सकाळी कालचं खरं सांगायची, जास्त तर जास्त, कमी तर कमी. पावसाच्या एका झडीत दोन दिवस बाजार रिकामा गेला तेही तिनं सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी लोक छत्र्या घेऊन आले. मगदूमकाकांचं मशीन ज्या टेम्पोतून गेलं होतं त्याच टेम्पोतून परत आलं. काकांनी पुढं बसून हात हलवला, जणू वरातच.

पावसाळा सरला आणि सुनावणी विद्यापीठाच्या सभागृहात झाली. नगररचना अधिकारी अश्विनी पाटणकर खमक्या बाई होत्या. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर त्यांनी नियाजला उभं केलं.

"डॉक्टर, तुमच्या जुळ्यानं बाजार ओस पडणार म्हटलं, म्हणून आम्ही रस्ता तिथून आखला."

"हो मॅडम. आणि तुम्ही रस्ता आखला, ते लोकांनी ऐकलं, म्हणून बाजार ओस पडायला लागला."

"मग आता तो पडणार की टिकणार? एक काय ते सांगा."

"तुम्ही आज इथं काय जाहीर करता त्यावर आहे. रस्ता बाजारातून म्हणालात, तर पडणार. कालव्याकडनं म्हणालात, तर टिकणार. दोन्ही अंदाज पक्के आहेत."

सभागृहात खसखस पिकली. पाटणकरबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे अंदाज सांगायचा तुम्ही, आणि जबाबदारी माझी?"

नियाजचे हात पहिल्यांदाच स्थिर होते. "ती आधीपासून तुमचीच होती मॅडम. आमच्या अंदाजामागं तुम्हाला दिसली नाही, एवढंच. त्यात माझीही चूक आहे."

बाईंनी नकाशाची गुंडाळी केली. मग निर्णय दुसऱ्या दिवशी देईन म्हणाल्या आणि सभा उठली. चिंचमळेकर हिरमुसले होऊन घरी गेले. नेमकी कशाची टाळी वाजवायची तेच कुणाला कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वैजयंती खानावळीत ताटं लावत होती. रांग पार फुलवालीपर्यंत गेली होती, आणि रांगेत, वसतिगृहाच्या पोरींच्या मागं, पाटणकरबाई उभ्या होत्या. एकट्याच. वैजयंतीनं शैलजाला कोपरानं ढोसलं.

"वन्सं, रस्त्याच्या बाई. आधी बसवू का?"

"रांगेत आहेत ना? मग येतील नंबरानं."

नंबरानं त्या आल्या, बाकावर दाटीवाटीनं बसल्या, पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा परत मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत तोही संपवला. शेजारच्या पोरीनं त्यांना आपल्या ताटातला गुळाचा खडा दिला. हात धुऊन आल्यावर त्या वैजयंतीपाशी थांबल्या.

"तुम्हीच ना वार्तावाल्या? उद्या सकाळी तुमच्यात सांगून टाका. रस्ता कालव्याकडनं जाईल. लेखी आदेश दुपारपर्यंत निघेल."

वैजयंतीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मागं बाकावर कुणीतरी ऐकलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि आरोळी रांगेतून फुलवालीपर्यंत जाऊन परत आली. मगदूमकाकांनी आनंदाच्या भरात झेरॉक्सचं मशीन चालू केलं आणि कोरेच कागद काढत सुटले. नियाज कुणाला तरी मिठी मारत होता. तो कोण हे त्यालाही ठाऊक नसावं.

"एक विचारू?" गोंगाट जरा ओसरल्यावर पाटणकरबाई शैलजाला म्हणाल्या. "सवय वाईट लागलीय मला. जुळं काय म्हणतंय? उद्या काय?"

शैलजानं तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

"उद्या मुगाची आमटी," ती म्हणाली. "लवकर या. आणि वैजू, बघत काय राहिलीस, रांगेतल्या पुढच्या माणसाला ताट दे!"